दुखणे कोणाच्या हाती?

गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस हा मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात त्या सांध्याचा दीर्घकालीन विकार असून, हाडांच्या टोकांवर असलेला कूर्चेचा गुळगुळीत थर त्यात हळूहळू पातळ व खडबडीत होत जातो, कडेला हाडाचे बारीक कंगोरे वाढतात, सांध्याचे अस्तर अधूनमधून सुजते आणि मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू अशक्त होतो. लोकभाषेत या सगळ्याला 'झीज' म्हणतात, आणि मराठवाड्यातील दवाखान्यांत 'गादी झिजली', 'गुडघ्यात गॅप पडला', 'वंगण संपले' अशी वर्णने रुग्णांच्याच नव्हे तर अनेकदा डॉक्टरांच्याही तोंडी असतात. ही वर्णने समजायला सोपी असली तरी त्यांनी एक नुकसान केले आहे: झिजलेली वस्तू भरून येत नाही, तेव्हा आता करण्यासारखे काही उरले नाही, असा निष्कर्ष ऐकणारा माणूस आपोआप काढतो. प्रत्यक्षात गुडघा हा जिवंत सांधा आहे. त्याच्याभोवतालचे स्नायू बळकट होऊ शकतात, सूज उतरू शकते, चालण्याची पद्धत सुधारू शकते आणि कूर्चा पूर्ववत झाली नाही तरी वेदना बरीच कमी होऊ शकते.

वेदना आणि झीज यांचे गणित सरळ नाही, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मँचेस्टर येथील जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी १९५७ साली क्ष-किरण छायाचित्रावरून झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी ठरवली, आणि आजही अहवालावर 'ग्रेड दोन', 'ग्रेड तीन' असे जे लिहिलेले असते ते त्याच प्रतवारीतून येते. परंतु छायाचित्रात बरीच झीज असूनही शेतावर जाणारी माणसे असतात, तशीच किरकोळ झीज असताना उंबरा ओलांडणे ज्यांना अवघड होते अशीही असतात. म्हणून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या 'वोमॅक' या प्रश्नावलीत छायाचित्राचा संबंध ठेवलेला नाही; तिच्या २४ प्रश्नांपैकी पाच वेदनेविषयी, दोन ताठरपणाविषयी आणि तब्बल १७ दैनंदिन हालचालींविषयी, म्हणजे जिना उतरणे, खुर्चीतून उठणे, शौचास बसणे यांविषयी आहेत. छायाचित्र आणि रुग्णाचे प्रत्यक्ष जगणे यांच्यात जी तफावत उरते, ती स्नायूंचे बळ, वजन, झोप, मनाची उभारी आणि कामाचे स्वरूप यांनी भरलेली असते. या यादीत आणखी एक गोष्ट येते आणि तीच या प्रकरणाचा विषय आहे: आपले दुखणे वाढते किंवा कमी होते ते कोणामुळे, याविषयी रुग्णाच्या मनात असलेली समजूत.

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा विषय केवळ म्हातारपणाचा नाही, तो कामाचा आहे. सोयाबीनच्या पट्ट्यात पावसाळ्यातील खुरपणी आणि त्यानंतरची विळ्याने होणारी काढणी ही दोन्ही कामे उकिडवे बसून, बसल्या बसल्याच पुढे सरकत केली जातात आणि ती मुख्यतः बायका करतात. घरी आल्यावर चुलीपुढे बसून भाकरी थापणे, शेणाने सारवणे, खाली बसून भांडी घासणे, धुणे, हंडे उचलणे या प्रत्येक कामात गुडघा पूर्ण वाकतो आणि वजन घेऊन सरळ होतो. बीजिंगमधील वृद्ध स्त्रिया अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा सडपातळ असूनही त्यांच्यात गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस अधिक आढळला आणि तरुणपणी दिवसाचा बराच वेळ उकिडवे बसण्याशी त्याचा संबंध जुळला, हे २००१ आणि २००४ सालच्या संशोधनातून दिसून आले. लठ्ठपणा हे या विकाराचे मोठे कारण आहे हे खरेच, पण अंगावर मांस नसलेल्या मजूर बाईचे गुडघे का धरतात, याचे उत्तर वजनकाट्यावर मिळत नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सांधेविकारांची पद्धतशीर मोजणी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झाली. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमांतर्गत झालेल्या या पाहणीत ४०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायूंच्या तक्रारी होत्या आणि ५.८ टक्के लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील पाच ठिकाणच्या पाहणीत गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण २८.७ टक्के निघाले. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि निकष वेगळे असल्यामुळे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाढ मोजता येणार नाही, पण गावातील बहुसंख्य घरांत गुडघे दुखणारे कोणी ना कोणी आहे, या अनुभवाला त्यांनी पुरावा दिला.

आता मनाच्या बाजूकडे वळू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली एक प्रभावी प्रबंध प्रसिद्ध केला, ज्यात त्यांनी माणसांच्या एका मूलभूत अपेक्षेकडे लक्ष वेधले: आपल्या वाट्याला येणारी फळे आपल्या वागण्यातून येतात असे काही जण धरून चालतात, तर काही जण ती बाहेरच्या शक्तींकडून येतात असे मानतात. या अपेक्षेला त्यांनी 'लोकस ऑफ कंट्रोल' म्हटले. मराठीत तिला 'नियंत्रणस्थान' म्हणता येईल. हॅना लेव्हन्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की 'बाहेरच्या शक्ती' हे एकच गाठोडे नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे असा दुसरा माणूस आणि निव्वळ योगायोग किंवा दैव, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, कारण माणसाची मनधरणी करता येते, योगायोगाची करता येत नाही. या विचाराचा आधार घेऊन केनेथ वॉलस्टन, बार्बरा वॉलस्टन आणि रॉबर्ट डेव्हेलिस यांनी १९७८ साली खास आरोग्यासाठी तीन मापन-पट्ट्या तयार केल्या. एकीवर 'माझे आरोग्य माझ्या वागण्यावर अवलंबून आहे' ही धारणा मोजली जाते, दुसरीवर 'ते डॉक्टरांवर आणि इतर वजनदार माणसांवर अवलंबून आहे' ही, आणि तिसरीवर 'ते नशिबावर आहे' ही. प्रत्येक पट्टीवर सहा विधाने असतात, प्रत्येकाला 'अजिबात मान्य नाही' ते 'पूर्ण मान्य' अशा सहा पायऱ्यांत उत्तर द्यायचे असते, आणि त्यामुळे प्रत्येक पट्टीवरील गुण ६ ते ३६ यांच्या दरम्यान येतात.

या मापनातील महत्त्वाचा भाग असा की तिन्ही पट्ट्यांचे गुण स्वतंत्र असतात. एकीवर जास्त गुण मिळाले म्हणून दुसरीवर कमी मिळालेच पाहिजेत असे नाही. एखादी व्यक्ती स्वतःच्या प्रयत्नांवर आणि डॉक्टरांवर सारखाच विश्वास ठेवू शकते, आणि दीर्घ आजारात अशा दुहेरी विश्वासाची माणसे चांगली तग धरतील अशी अपेक्षा वॉलस्टन यांनी मांडली होती. १९९४ मध्ये आधीच एखादा आजार जडलेल्या लोकांसाठी या प्रश्नावलीची वेगळी आवृत्ती आली, जिच्यात 'डॉक्टर' आणि 'इतर माणसे' यांना वेगळे केले गेले; आणि १९९९ मध्ये देवाच्या हाती आरोग्य असते या धारणेची स्वतंत्र पट्टी आली, जिच्या चाचणीत संधिवाताच्या रुग्णांचाही समावेश होता. देव आणि योगायोग यांना एकाच खात्यात टाकणे चूक आहे, ही जाण पाश्चात्त्य मानसशास्त्राला यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण माहूरच्या रेणुकेला नवस बोलणाऱ्या बाईला 'तुझे सगळे योगायोगावर चालले आहे का' असे विचारले तर ती तो प्रश्न आपला मानणारच नाही.

गुडघ्याच्या रुग्णाच्या दिवसात या धारणा कशा उतरतात ते पाहिले पाहिजे. जिचा स्वतःच्या वागण्यावर विश्वास आहे ती रुग्ण व्यायाम सांगितल्यावर करून पाहते, दुखले तर कमी करते, न दुखले तर वाढवते आणि कोणत्या कामाने गुडघा चेततो याची नोंद मनात ठेवते. जिचा सगळा भार डॉक्टरांवर आहे ती गोळ्या वेळेवर घेते, तपासणीला न चुकता येते, पण गोळ्या संपल्या की आजारही पुन्हा डॉक्टरांच्या ताब्यात देते. व्यायामाचा कागद तिला औषध वाटत नाही, कारण तो मेडिकलमध्ये मिळत नाही. आणि जी दुखण्याला दैव मानते ती चालणे कमी करते, चालणे कमी झाले की मांडीचा स्नायू बारीक होतो, स्नायू बारीक झाला की सांध्यावरचा ताण वाढतो आणि दुखणे खरोखरच वाढते. म्हणजे तिची समजूत स्वतःलाच खरी करून दाखवते. या तीन रेखाटनांत शुद्ध नमुने आहेत, हाडामांसाची माणसे अशी एका रकान्यात बसत नाहीत, आणि संशोधनाचे निष्कर्षही सगळीकडे एकसारखे नाहीत. तरीही सांधेविकारांच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढे येते, ती अशी की असहायतेची भावना आणि 'काही केले तरी फरक पडत नाही' ही धारणा अधिक वेदना, अधिक उदासी आणि कमी हालचाल यांच्या सोबतीने आढळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सोबतीने आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. दहा वर्षे दुखणे सोसून, चार डॉक्टर बदलून आणि शेळी विकून ज्या माणसाला उतार पडला नाही, तो नशिबाला बोल लावू लागला तर ती समजूत दुखण्याचे कारण आहे की परिणाम, हे एकाच वेळी घेतलेल्या मुलाखतीतून ठरवता येत नाही. त्यासाठी धारणा बदलून पाहावी लागते, आणि तसा प्रयत्न अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी केला. सांधेविकाराच्या रुग्णांना त्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र आणले, व्यायाम, आराम, वेदना सोसण्याच्या युक्त्या आणि डॉक्टरांशी बोलण्याची रीत शिकवली, आणि शिकवणारे बहुधा स्वतःच रुग्ण असलेले सामान्य लोक होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या पाठपुराव्यात सहभागी लोकांची वेदना सरासरी २० टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडील खेपा ४० टक्क्यांनी कमी झाल्या, मात्र याच काळात त्यांची शारीरिक अक्षमता ९ टक्क्यांनी वाढली होती. आजार पुढे सरकला आणि तरीही वेदना घटली, हे या अभ्यासाचे मर्म आहे. त्याहून चकित करणारी बाब अशी की कोणी किती व्यायाम केला याच्याशी सुधारणेचे नाते सैल होते, आणि 'मला हे जमते' या विश्वासातील वाढीशी ते अधिक घट्ट होते. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वसामर्थ्यावरील विश्वासाची कल्पना येथे उपयोगी पडते. नियंत्रणस्थान हा प्रश्न 'फळ कोणाच्या हाती' असा आहे, तर स्वसामर्थ्याचा प्रश्न 'हे काम मला करता येईल का' असा आहे. व्यायामाने गुडघा सुधारतो हे मान्य असूनही 'या वयात माझ्याने होणार नाही' असे म्हणणारा रुग्ण पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण आणि दुसऱ्यात नापास असतो, आणि आपल्याकडे अशांची संख्या मोठी आहे.

डॉक्टरांवरील विश्वासाचे बळ किती असते, हे ह्यूस्टन येथे झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका धाडसी चाचणीने दाखवले. शल्यचिकित्सक ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या १८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली: एका गटाचा सांधा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, दुसऱ्याचा केवळ धुतला आणि तिसऱ्याच्या त्वचेवर नुसते छेद देऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला. दोन वर्षे पाठपुरावा करूनही खरी शस्त्रक्रिया देखाव्याहून वरचढ ठरली नाही. या निष्कर्षाचा अर्थ 'दुखणे हा मनाचा खेळ आहे' असा लावणे रुग्णांवर अन्याय करणारे ठरेल. त्याचा नेमका अर्थ असा की दुर्बिणीची ती शस्त्रक्रिया या विकारात निरुपयोगी होती, आणि रुग्णाचा शल्यचिकित्सकावरचा विश्वास व काळाबरोबर होणारा चढउतार यांचे श्रेय तिला चुकून मिळत आले होते.

मराठवाड्यात मात्र हा विषय प्रश्नावलीच्या रकान्यांपेक्षा खोल जातो. लातूर आणि नांदेडची बहुतांश शेती पावसावर आहे. पेरणी साधली की फसली हे आभाळ ठरवते, सोयाबीनचा भाव बाजार ठरवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने झोपलेली गावे दगडमातीखाली गाडली, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशाने हे पाहिले, तेथील शेतकऱ्याने 'आपल्या हातात काय आहे' असे म्हटले तर त्याला अज्ञान म्हणणे हा शहाणपणाचा आव आहे. त्याच्या आयुष्यातील बऱ्याच गोष्टी खरोखरच त्याच्या हाताबाहेर आहेत आणि ते तो अचूक ओळखतो. अडचण एवढीच की पावसाबाबत खरी असलेली ही समजूत तो गुडघ्यालाही लावतो, आणि गुडघ्याचा काही भाग तरी त्याच्या हातात असतो. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याने नशिबाशी वाद घालण्यात काही हशील नाही. हातात असलेला तो भाग नेमका कोणता, हे दाखवून देणे त्याला जमले पाहिजे.

अशी मांडणी आपल्या परंपरेला परकी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नाही, आणि आत्रेय उत्तर देतात की ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर ठरते. दोहोंत जे बलवान असते ते दुसऱ्याला मागे सारते, आणि सारे आधीच ठरलेले असते तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता. हाच ग्रंथ वातव्याधींच्या अध्यायात सांध्यातील वाताचे वर्णन करताना हवा भरलेल्या पिशवीसारखी लागणारी सूज आणि सांधा वाकवता-पसरवताना होणारी वेदना नोंदवतो. रॉटर यांच्या कल्पनेत आत आणि बाहेर अशी दोन टोके होती, तर चरकाच्या मांडणीत दोघांना एकाच वेळी जागा आहे, आणि रुग्णांशी बोलण्यासाठी ही दुसरी मांडणी अधिक कामाची आहे. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात आणि विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे दोन विचार शेजारी ठेवून शिकवले, तर रुग्णाचे म्हणणे त्यांना लवकर उमगेल.

श्रद्धेचेही तसेच आहे. देवावर भार टाकणारा रुग्ण निष्क्रियच असतो असे धरून चालणे चूक ठरते. पंढरीच्या वाटेवर चालणारे वारकरी देवावर हवाला ठेवूनच शेकडो किलोमीटर चालतात. गुडघे धरल्यावर माणसाला खरी टोचणी लागते ती पूजेला मांडी घालता येत नाही, नमाजात सजदा करता येत नाही, माहूरच्या पायऱ्या चढवत नाहीत किंवा हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला खाली बसता येत नाही याची. खुर्चीवर बसून नमाज पढणे किंवा पाटाऐवजी स्टुलावर बसून पोथी वाचणे यात श्रद्धेला बाध येत नाही, हे घरातील वडीलधाऱ्याने किंवा मौलवी-महाराजांनी एकदा सांगितले तर डॉक्टरांच्या दहा सूचनांपेक्षा त्याचा उपयोग होतो, कारण हट्टाने खाली बसणे सुटते आणि अपराधी वाटणेही सुटते.

वजनदार माणसांत डॉक्टरांइतकेच घरचे लोक येतात, आणि मराठवाड्यातील वृद्ध स्त्रीच्या बाबतीत कदाचित तेच अधिक महत्त्वाचे ठरतात. तपासणीला कधी जायचे, एसटीचे भाडे कोण देणार, सोबत कोण येणार आणि वाटी बदलायची की नाही, हे मुलगा ठरवतो. तिच्यासमोर डॉक्टर मुलाशीच बोलतात आणि ती दोघांकडे पाहत राहते. वाटी बदलण्याच्या, म्हणजे सांधारोपणाच्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे मान्यता मिळाली ती बरीचशी अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. पंतप्रधान असताना २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया केली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरली. सांधा पुरता निकामी झालेल्या रुग्णाला ही शस्त्रक्रिया नवे जगणे देते, यात शंका नाही. परंतु सगळ्याच गुडघ्यांचा शेवट तिथे होतो ही समजूत पसरल्यामुळे 'आता वाटी बदलेपर्यंत सोसायचे' असे म्हणून सुरुवातीची आठ-दहा वर्षे, जेव्हा स्नायू कमावणे सर्वांत सोपे असते, वाया जातात. दुसऱ्या बाजूला, तात्काळ गुण देणाऱ्या निनावी पुड्यांचा मोह असतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, त्याने चार दिवस गुडघा हलका वाटतो आणि पुढे रक्तातील साखर, रक्तदाब आणि हाडांचा ठिसूळपणा वाढतो. बाहेरच्या शक्तीवर टाकलेल्या विश्वासाची सर्वांत महाग किंमत येथे मोजावी लागते.

आता हातात असलेल्या भागाकडे जवळून पाहू. रुग्णाने बाजेवर पाय लांब करून, पाठीला भिंतीचा टेकू घेऊन बसावे, दुखऱ्या गुडघ्याखाली टॉवेलची किंवा जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवावी आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळत गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबावी. पाच अंक मोजेपर्यंत दाब धरावा, मग सैल सोडावे. दहा वेळा हा पाय, दहा वेळा तो पाय, सकाळी आणि संध्याकाळी. दाबताना मांडीवर हात ठेवला तर स्नायू कडक झालेला हाताला लागतो, आणि हा स्पर्श फार मोलाचा आहे, कारण आपल्या आज्ञेने गुडघ्याभोवती काहीतरी घडते याचा पहिला पुरावा तोच असतो. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे आधीच सांगावे लागते, नाहीतर चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' असे म्हणून व्यायाम सुटतो. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा निम्मा फायदा घालवतात. वजन जास्त असणाऱ्याने एक किलो कमी केले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे २००५ मधील मोजमाप सांगते. शौचालयात ठेवायची मध्ये भोक असलेली खुर्ची, चुलीऐवजी उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा, खुरपताना बसायला लाकडी ठोकळा, या साध्या वस्तूंनी दिवसातले पूर्ण वाकण्याचे कितीतरी प्रसंग टळतात.

यातच या विषयाचा एक धोकाही दडलेला आहे. 'तुमचे आरोग्य तुमच्या हाती' हे वाक्य चुकीच्या तोंडी गेले की ते दोषारोप होते: गुडघे दुखतात ना, मग तुम्ही व्यायाम केला नसेल. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला खुरपणीच्या दिवसांत विश्रांती घ्या असे सांगणे म्हणजे मजुरी सोडा असे सांगणे आहे, आणि उकिडवे बसणे टाळा हा सल्ला ज्या घरात कमोडची खुर्चीही नाही तेथे पोकळ ठरतो. नियंत्रणाची धारणा प्रत्यक्ष नियंत्रणाशिवाय वाढवणे ही फसवणूक होईल. म्हणून कमी किमतीच्या शौचखुर्च्या, उभ्याने चालवायची कोळपणीची अवजारे, नळाचे पाणी दारात येणे हे सर्व गुडघ्याचे उपचारच आहेत, आणि ते रुग्णाच्या नव्हे तर ग्रामपंचायतीच्या आणि शासनाच्या हातात आहेत.

मोजणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. सहा पायऱ्यांची प्रश्नावली कागदावर भरून घेण्याची पद्धत शिकलेल्या समाजासाठी बनली आहे; उदगीर, मुखेड किंवा किनवट भागातील साठीच्या बाईला 'काहीसे मान्य' आणि 'बरेचसे मान्य' यांतील अंतर विचारले तर ती समोरच्याला बरे वाटेल ते उत्तर देते, आणि डॉक्टरांच्या खोलीत विचारले तर डॉक्टरांवरचा विश्वास नेहमीपेक्षा जास्त निघतो. विधाने तोंडी, तिच्या बोलीत आणि दवाखान्याबाहेर विचारली पाहिजेत, आणि 'चार आणे पटते की बारा आणे' अशा सवयीच्या मापाने पायऱ्या पाडल्या तर उत्तरे अधिक खरी येतील. देव, दैव, डॉक्टर, घरचे आणि स्वतः, या पाचांना वेगळे विचारल्याशिवाय मराठवाड्यातील रुग्णाची धारणा कळणार नाही.

दवाखान्यात एका रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरांची काही मिनिटेच येतात, आणि नांदेड असो की लातूर, बाह्यरुग्ण विभागातील रांग पाहता ती मिनिटे वाढण्याची शक्यता कमी आहे. त्या मिनिटांपैकी दोन वेगळी काढता येतील. चिठ्ठी हातात देण्यापूर्वी डॉक्टरांनी, परिचारिकेने किंवा गावात आशाताईंनी रुग्णाला बाजेवर बसवून गुंडाळी दाबण्याचा तो एक व्यायाम समोर करून घ्यावा, रुग्णाचाच हात मांडीवर ठेवावा, आणि पुढच्या खेपेला क्ष-किरणाचा अहवाल मागण्याआधी तो व्यायाम किती दिवस जमला, कुठे अडला, हे विचारावे.